कागद दाखवीन, संमती देणार नाही



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या वकीलसाहेबांच्या ओसरीवर माझं लहानपण गेलं. साहेब तालुक्याच्या कोर्टात फौजदारी कामं चालवायचे. दिवेलागणीला अशिलं यायची आणि त्यांचे पहिले प्रश्न ठरलेले असायचे: "झडती कुणी घेतली? पंच कोण होते? आणि पोलीस दारात आले तेव्हा तू काय बोललास?" गुन्हा केला की नाही, याकडे ते नंतर वळायचे. मला तेव्हा हा क्रम उलटा वाटे. तो उलटा नव्हता, हे कळायला मला अमेरिकेतल्या एका छोट्या विमानतळाच्या डांबरावर उभं राहावं लागलं.

संयोजकांनी मला विमानाच्या छंदाविषयी बोलायला सांगितलं होतं. मी त्यातला झडतीचा विषय निवडला आहे, कारण साहेबांच्या नावाच्या व्याख्यानमालेत मला दुसरं काही बोलवेना.

मी अमेरिकेत राहतो आणि माझ्याकडे खाजगी पायलटचं लायसन्स आहे. पगारासाठी मी विमान चालवत नाही. आम्ही काही मित्र मिळून चार आसनांचं एक सेस्ना 172 वापरतो. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मी आणि माझी बायको अमेरिकेच्या मधल्या सपाट मुलखावरून मुलीकडे चाललो होतो. पेट्रोल भरायला एका छोट्या विमानतळावर उतरलो. तिथे कंट्रोल टॉवर नव्हता. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे 5,000 विमानतळ आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर टॉवर नाही. धावपट्टी, पंप, एक खोली आणि कॉफीचं यंत्र, एवढंच असतं. मी पंपाची नळी हातात घेतली आणि तेवढ्यात पंखाजवळ एक गाडी येऊन थांबली. दोन अधिकारी उतरले. एकाजवळ कुत्रा होता.

त्यांनी लायसन्स मागितलं, वैद्यकीय प्रमाणपत्र मागितलं, विमानाचे कागद मागितले. मी दिले. त्यांनी ते वाचून परत दिले. मग त्यांतला एक अगदी सौम्यपणे म्हणाला, "आत जरा नजर टाकली तर तुमची हरकत नाही ना?" मी म्हणालो, "नाही, बघा ना."

पुढचा सव्वा तास आम्ही उन्हात उभे होतो. बॅगा डांबरावर उघडल्या गेल्या. मुलीसाठी नेलेल्या मेतकुटाचा आणि तिखटाचा डबा उघडला गेला. कुत्रा पुढच्या आसनावरून मागच्या आसनावर चढला. सामानाच्या कप्प्यामागचं एक पॅनेल स्क्रू काढून उघडलं गेलं. काही सापडलं नाही, कारण काही नव्हतंच. ते निघून गेले. बायको गुडघ्यांवर बसून कपडे परत भरत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "तू हो का म्हणालास?"

आज जे बोलणार आहे ते त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

त्या दिवशी घडलेल्या दोन गोष्टी मला तेव्हा एकच वाटल्या होत्या. कायद्याच्या लेखी त्या अगदी वेगळ्या आहेत. पहिली गोष्ट कागदांची. अमेरिकेच्या विमानवाहतूक नियमांत 61.3 या क्रमांकाचा नियम आहे. त्यानुसार विमानवाहतूक प्रशासनाचा प्रतिनिधी, अपघात तपास मंडळाचा प्रतिनिधी, वाहतूक सुरक्षा प्रशासनाचा माणूस, किंवा केंद्राचा, राज्याचा, गावाचा कुठलाही पोलीस अधिकारी मागेल तेव्हा पायलटनं आपलं लायसन्स, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि ओळखपत्र दाखवलंच पाहिजे. विमानाच्या नोंदणीपत्राबद्दल संसदेनं केलेल्या कायद्यातच तसं कलम आहे. इथे वाद घालायला जागा नाही. कागद दाखवायला नकार दिला तर चूक आपली.

दुसरी गोष्ट विमानाच्या आतल्या झडतीची. कागद मागण्याच्या अधिकारात दार उघडण्याचा अधिकार येत नाही. तिथे 1791 सालची चौथी घटनादुरुस्ती उभी राहते. माणूस, त्याचं घर, त्याचे कागद आणि त्याच्या वस्तू यांची अवाजवी झडती घ्यायची नाही, असं ती सांगते. झडतीला वॉरंट हवं, किंवा वॉरंटशिवाय चालेल असं न्यायालयांनी मान्य केलेलं कारण हवं. या कारणांतलं सगळ्यात स्वस्त कारण म्हणजे त्या माणसाची स्वतःची संमती. "बघा ना" हे दोन शब्द मी उच्चारले आणि त्या अधिकाऱ्यांना दुसरं कुठलंच कारण शोधायची गरज उरली नाही.

तुम्ही विचाराल, नाही म्हणता येतं हे त्यांनी तुम्हाला सांगायला नको का? हा प्रश्न 1973 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. खटल्याचं नाव श्नेकलॉथ विरुद्ध बुस्तामोंते. कॅलिफोर्नियात सनीव्हेल इथे मध्यरात्रीनंतर पोलिसानं एक गाडी थांबवली, कारण तिचा पुढचा एक दिवा बंद होता. झडतीची परवानगी विचारली, गाडीतल्या एकानं दिली, आणि मागच्या आसनाखाली चोरीचे चेक निघाले. न्यायालय म्हणालं, संमती आपखुशीची होती की नाही हे सगळी परिस्थिती पाहून ठरवायचं. नकाराचा हक्क आहे हे माणसाला ठाऊक होतं असं पोलिसांनी सिद्ध करण्याची गरज नाही. या निकालाशी माझं भांडण आहे आणि ते मी इथे उघड मांडतो. गणवेशातला माणूस आणि त्याच्या शेजारचा कुत्रा समोर उभे असताना, आपला हक्क ठाऊक नसलेल्या माणसाच्या तोंडून जो होकार निघतो, त्याला आपखुशी म्हणणं मला पटत नाही. मी तर आपल्याकडच्या रीतीत वाढलेला माणूस. खाकी पुढे आली की हात आपोआप जोडले जातात. वर परक्या देशात स्थायिक झालेला. माझं "बघा ना" हे पन्नास वर्षांच्या सवयीतून आलं होतं.

आता त्याच विमानवाहतूक क्षेत्रातली एक वेगळी तरतूद पाहा. ऑगस्ट 2012 मध्ये अमेरिकेत 'पायलट्स बिल ऑफ राइट्स' नावाचा कायदा झाला. सिनेटर जिम इनहोफ स्वतः पायलट होते. 2010 मध्ये टेक्सासमधल्या एका बंद ठेवलेल्या धावपट्टीवर ते उतरले, त्यांची चौकशी झाली, आणि त्या अनुभवातून त्यांनी हा कायदा पुढे रेटला. त्यानुसार विमानवाहतूक प्रशासन पायलटची चौकशी सुरू करतं तेव्हा त्याला कळवावं लागतं की ही चौकशी कशाबद्दल आहे, उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक नाही, आणि दिलेलं उत्तर तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. चुकीच्या धावपट्टीवर उतरलेल्या पायलटला हे ऐकायला मिळतं. ज्याच्या विमानात कुत्रा शिरणार आहे त्याला मिळत नाही.

गाडीच्या कायद्याशी तुलना केली की गुंता आणखी दिसतो. दारूबंदीच्या काळात डेट्रॉइट आणि ग्रँड रॅपिड्स यांच्यामधल्या रस्त्यावर सरकारी माणसांनी एक ओल्ड्समोबील मोटार अडवली आणि तिच्या गादीतून दारूच्या 68 बाटल्या काढल्या. त्यावरच्या 1925 च्या कॅरोल निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की वाहन पळून जाऊ शकतं, वॉरंट आणेपर्यंत ते थांबत नाही. म्हणून गुन्ह्याचा माल आत आहे असं मानायला सबळ कारण असेल तर वॉरंटशिवाय झडती चालेल. फेडरल न्यायालयांनी हाच तर्क छोट्या विमानांना लावला. ते मला मान्य आहे. विमान मोटारीहून लवकर पळतं. पण सबळ कारण लागतंच, ही अट त्या निकालाच्या पोटातच आहे.

पुढे 1979 मध्ये डेलावेअर विरुद्ध प्राउज हा खटला आला. एका पोलिसानं कसलाही संशय नसताना, नुसतं लायसन्स आणि नोंदणी पाहायची म्हणून गाडी थांबवली होती. सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक अशा मतांनी सांगितलं की हे चालणार नाही. मनाला येईल ती गाडी मनाला येईल तेव्हा थांबवायची हा अधिकार कुणालाही नाही. म्हणजे गाडी चालवणाऱ्याला निदान इतकं संरक्षण आहे. पायलटच्या बाबतीत मात्र 'मागेल तेव्हा कागद दाखवा' हा नियम आहे, आणि त्याच नियमाचा हात धरून पुढे काय घडलं ते ऐका.

2012-13 च्या सुमारास अमेरिकेतल्या खाजगी पायलटांकडून तक्रारी येऊ लागल्या. देशातल्या देशात, सीमेच्या जवळपासही न जाता उडणाऱ्या छोट्या विमानांना उतरल्यावर कस्टम्स आणि सीमा संरक्षण खात्याची माणसं घेरत होती. कधी त्यांचं जेट विमान मागे येई, कधी स्थानिक पोलीस बंदुका घेऊन हजर असत. 2013 मध्ये आयोवा सिटीत उतरलेल्या एका पायलटची अशी लांबलचक झडती झाली आणि ती गोष्ट अमेरिकाभर गाजली. पत्रकार जेम्स फॅलोज हे स्वतः पायलट. त्यांनी 'द अटलांटिक'मध्ये हा विषय लावून धरला. पायलटांची जुनी संघटना एओपीए, जी 1939 पासून काम करते आहे, तिनं माहितीच्या कायद्याखाली अर्ज केले. खात्याला विचारलं की देशांतर्गत विमान थांबवायचा अधिकार तुम्ही कुठून आणला? उत्तरात बोट दाखवलं गेलं ते त्याच 61.3 नियमाकडे, लायसन्स दाखवण्याच्या नियमाकडे.

संशयाची कारणं काय होती? पश्चिमेकडून पूर्वेकडे लांब उड्डाण. वाटेत छोट्या विमानतळांवर थांबे. उड्डाणाची योजना आधी न नोंदवणं, जे निरभ्र हवामानात कायद्यानं पूर्ण मोकळं आहे. मी हे वाचलं तेव्हा आमच्या त्या प्रवासाचा नकाशा डोळ्यांसमोर आला. छोट्या विमानाची टाकी चार-पाच तासांची असते. थांबे घेतल्याशिवाय ते लांब जाईल कसं? ज्या गोष्टी केल्याशिवाय उडताच येत नाही त्याच संशयाच्या खुणा ठरल्या, तर प्रत्येक पायलट संशयित होतो. एओपीएनं 2014 मध्ये हा प्रश्न खात्याच्या आयुक्तांपर्यंत आणि संसदेच्या सदस्यांपर्यंत नेला. त्यानंतर खात्यानं आपली पद्धत बदलायचं कबूल केलं आणि अशा तक्रारी कमी झाल्या. हे संघटित आवाजामुळे झालं.

संशयाची यादी जितकी धोकादायक तितकीच चुकीची नोंद. जॉन आणि मार्था किंग हे दांपत्य अमेरिकेतल्या पायलटांना गुरुस्थानी आहे. त्यांच्या शाळेच्या धड्यांवर असंख्य लोक विमान शिकले, मीही त्यांतला एक. 28 ऑगस्ट 2010 रोजी हे दोघं एक सेस्ना 172 घेऊन सँटा बार्बराला उतरले. कंट्रोलरनं विमान एका बाजूच्या जागी न्यायला सांगितलं. तिथे पोलीस बंदुका रोखून उभे होते. दोघांना हात वर करून उलटं चालत यायला लावलं, बेड्या घातल्या, वेगवेगळ्या गाड्यांत बसवलं. कारण? त्यांच्या विमानाच्या शेपटीवरचा नंबर पूर्वी एका दुसऱ्या, चोरीला गेलेल्या सेस्ना 150 चा होता. तो नंबर रीतसर या नव्या विमानाला दिला गेला. चोरीची जुनी नोंद मात्र पोलिसांच्या माहितीसाठ्यातून कुणी पुसली नाही. 150 आणि 172 ही वेगळी मॉडेलं आहेत. साधी चौकशी केली असती तर दोन फोनमध्ये उलगडा झाला असता. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या दोन शिक्षकांवर भरलेल्या बंदुका रोखल्या गेल्या, आणि घाबरून कुणाचं बोट हललं असतं तर काय झालं असतं, या विचारानं मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. शांत राहणं, हात दिसतील असे ठेवणं, प्रतिकार न करणं हा म्हणूनच हक्काच्या भाषणातला पहिला नियम आहे. हक्क तोंडानं बजावायचा असतो. हातानं कधीच नाही.

विमानाच्या झडतीत आणखी एक बाजू आहे आणि ती कायद्याच्या पुस्तकांत फारशी येत नाही. मोटारीची डिकी विस्कटली तर आवरून घरी जाता येतं. विमानाचं तसं नाही. काही जुन्या विमानांचे पंख कापडाने मढवलेले असतात. कुत्र्याच्या नखानं ते फाटू शकतं. पंखाच्या काही भागावर पाय ठेवायचा नाही असं लिहिलेलं असतं, कारण खालचा पत्रा पातळ असतो. प्रोपेलरला हात लावायचा नाही, कारण ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोची वायर सैल असेल तर बंद इंजिनही अचानक फिरू शकतं. आसनांखालून, पॅनेलांमागून सुकाणूच्या तारा गेलेल्या असतात. विमान उडण्यायोग्य आहे की नाही हे ठरवण्याची जबाबदारी पायलटवर आहे, नियम 91.7 तसं सांगतो. त्या दिवशी अधिकाऱ्यांनी पॅनेल उघडलं आणि चार स्क्रूंपैकी तीनच परत लावले. चौथा आसनाच्या पट्टीखाली सापडला. तो तारेत अडकला असता तर? अर्धा तास मी विजेरी घेऊन तो शोधत होतो.

झडती घेऊच नये, असं मी म्हणत नाही. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना तर झडतीची गरज सांगायलाच नको. 17 डिसेंबर 1995 च्या रात्री बंगालमधल्या पुरुलियावर एका खाजगी अँटोनोव्ह विमानातून शस्त्रं टाकली गेली. काही दिवसांतच तेच विमान भारतीय हवाई दलानं मुंबईत उतरायला भाग पाडलं. विमानातले इतर पकडले गेले, पण या कटातला प्रमुख मानला गेलेला किम डेव्ही मुंबई विमानतळावरूनच निसटला. आकाशातून खरोखर विष आणि हत्यारं येतात. म्हणूनच परदेशातून आलेल्या विमानाची कस्टम्सनं वॉरंटशिवाय, संशयाशिवाय झडती घ्यावी हे अमेरिकेचा कायदा मानतो आणि मलाही ते योग्य वाटतं. मेक्सिकोहून किंवा बहामाजहून उतरलात तर तिथे 'संमती देत नाही' या वाक्याला अर्थ नाही. पण कॅन्सासहून आयोवाला जाणारं विमान कुठलीच सीमा ओलांडत नाही.

आपल्या देशाचा इतिहासही अमेरिकेच्या याच चौथ्या दुरुस्तीला लागून गेला आहे, हे वकीलसाहेबांनीच मला एकदा सांगितलं होतं. 1954 मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांच्या पीठानं म्हटलं की अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीसारखा खाजगीपणाचा हक्क आपल्या घटनाकारांनी घातलेला नाही, तो आपण ओढूनताणून आणू नये. साहेबांना हा निकाल आयुष्यभर सलत राहिला. 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि शर्मा निकालातला तेवढा भाग मोडीत काढला. साहेब तेव्हा हयात नव्हते. आणखी एक गोष्ट अभिमानानं सांगावी अशी. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यातलं कलम 50 म्हणतं की अंगझडतीआधी माणसाला राजपत्रित अधिकाऱ्यापुढे किंवा मॅजिस्ट्रेटपुढे झडती मागता येते. 1999 मध्ये बलदेव सिंग खटल्यात घटनापीठानं ठरवलं की हा हक्क अधिकाऱ्यानं त्याला सांगितलाच पाहिजे. पुढे 2005 मध्ये बॅगेला ते संरक्षण नाही असं ठरलं, तो भाग वेगळा. पण 'तुला हा हक्क आहे' असं तोंडानं सांगायला लावणं, ही गोष्ट आपल्या न्यायालयानं केली.

बारामतीला, शिरपूरला, गोंदियाला आज मुलं विमान शिकतात. बरीच मुलं तासांचा अनुभव मिळवायला अमेरिकेत येतात. त्यांतली काही मला फोन करतात. मी त्यांना सांगतो ते असं. कागद एका पाकिटात, दाराच्या खिशात ठेवा. मागितले की लगेच द्या. खोटं बोलू नका. कुठून आलात, कुठे चाललात याचं उत्तर द्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण उद्धटपणे काही बोलू नका. आत पाहू का असं विचारलं तर स्पष्ट, शांत आवाजात म्हणा, "आय डू नॉट कन्सेंट टू एनी सर्च." मग विचारा, "अ‍ॅम आय फ्री टू गो?" नकार दिला म्हणून त्या नकारातूनच संशय उभा करता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1991 च्या बोस्टिक खटल्यात म्हटलं आहे. कागद पाहण्याचं काम संपल्यावर, कुत्र्याकडून तपासणी करायची म्हणून संशयाशिवाय थांबवून ठेवता येत नाही. 2015 च्या रॉड्रिगेझ खटल्यात सात-आठ मिनिटांचा जादा वेळही संशयाशिवाय चालत नाही असं ठरलं. तो खटला मोटारीचा होता, पण तर्क तोच आहे. आणि नकार देऊनही ते आत शिरले, तर अडवू नका. बाजूला उभे राहा. नकार मागे घेऊ नका. वेळ, नावं, काय उघडलं ते लिहून ठेवा. पुढे न्यायालयात त्या झडतीला आव्हान द्यायचं झालं तर पहिला प्रश्न वकीलसाहेबांचाच असेल: तू काय बोललास?

ती वेळ माझ्यावर पुन्हा आली. दोन वर्षांनी, दुसऱ्या राज्यात, पुन्हा पंपाशी. यावेळी वेगळे अधिकारी होते, तरुण. कागद पाहिले, परत दिले, आणि तोच सौम्य प्रश्न. माझा घसा कोरडा पडला होता, तरी वाक्य पूर्ण म्हटलं. बायकोनं सामानाच्या कप्प्याला कुलूप लावून किल्ली मुठीत धरली होती. अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, सहकाऱ्याशी बोलला, गाडीत बसून फोन केला. काही मिनिटांनी तो काच खाली करून म्हणाला, "तुम्ही जाऊ शकता."

मला लगेच निघता आलं नाही. हात कापत होते, आणि कापत्या हातांनी विमान उचलायचं नाही हे पहिल्या दिवशी शिकवलेलं असतं. आम्ही खोलीतल्या बाकावर बसलो, पाणी प्यायलो. बायकोनं डब्यातल्या दशम्या काढल्या. अर्ध्या तासानं हात पाहिले, स्थिर होते. मग विमानाभोवती नेहमीची फेरी मारली, तेल पाहिलं, इंधनाचा नमुना उजेडात धरला, आणि आसनावर बसून चेकलिस्ट पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.